टोकावर उभा त्रिकोण

"मग अस्सल नाही म्हणून ते भिंतीवर लावायचंच नाही का?"

प्रश्न हेमांगीने आत्याबाईंना विचारला होता; पण नजर शेवडे गुरुजींकडे होती. त्यांच्याच हाताखाली ती चित्रकला शिकली होती.

वास्तुशांत नुकतीच आटोपली होती. नव्या घराच्या दर्शनी भिंतीवर तिने हौसेने एक चित्र लावलं होतं. काळी वर्तुळं, एक तांबडी पट्टी आणि टोकावर उभा असलेला पिवळा त्रिकोण. कुणा परदेशी चित्रकाराच्या चित्राची ही अ‍ॅक्रिलिक रंगांतली प्रत. सासरच्या आत्याबाईंनी ते पाहून नाक मुरडलं. देवाचं नाही, माणसाचं नाही, वर नक्कल. काढून ठेव म्हणाल्या. शेवटी गुरुजी सांगतील तसं करायचं ठरलं. गुरुजी आपलीच बाजू घेणार, याची हेमांगीला खात्री होती.

गुरुजींनी खुर्ची ओढली... आणि चित्राकडे नजरही न टाकता पाठ करून बसले.

"काय आहे भिंतीवर? सांग."

ती सांगू लागली. ही शैली कुठे जन्मली, आकारांचा तोल म्हणजे काय, जाणकार काय म्हणतात. सगळं तिला तोंडपाठ होतं.

"हे पुस्तकात आहे. भिंतीवर काय आहे?"

हेमांगी भिंतीकडे वळली. चित्राकडे बघत राहिली...

"त्रिकोण आहे," ती हळूच म्हणाली. "टोकावर उभा. आता पडेल, आता पडेल, असं वाटतं... पडत नाही."

मग ती बोलतच गेली. आई गेली त्या महिन्यात तिने हे चित्र मागवलं होतं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती त्याच्यासमोर बसे, आणि आजचा दिवस आपणही उभ्या राहू, असं तिला वाटे. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आज भरल्या घरात सांगितलं, आणि आवाज जराही कापला नाही.

आत्याबाईंनी चष्मा लावला. भिंतीजवळ जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या.

"खरंच की गं, पडत नाही," त्या म्हणाल्या. "असू दे. इथंच असू दे."

हेमांगीचा चेहरा उजळला. जिंकली होती ती, आणि पुस्तकातला एकही शब्द कामी आला नव्हता.

गुरुजी उठून दाराशी गेले, चपला घालू लागले. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

"गुरुजी, चित्र न बघताच निघालात?"

"बघितलं की."