जिवंत माणसाचा पिंड

गोदेच्या तीरावर सुबाहू राजाची करंजनगरी भरभराटीला आली होती, त्या काळी बोधिसत्त्व कावळ्याच्या कुळात जन्मला आणि घाटावरच्या थव्याचा राजा झाला. राजाचे काम एवढेच, की भांडणे सोडवायची आणि सर्वांच्या शेवटी खायचे. त्या वर्षी घाटाचे दिवस फार वाईट चालले होते. नगरात कोणी नवा, बरा वैद्य आला होता. महिनाभर एकही माणूस मेला नव्हता. थव्यातली पिल्ले भुकेने कासावीस झाली होती.

अशात एक दिवस दहाव्याचा पिंड आला, आणि तोही तुपात न्हालेला.

पिंड होता पूर्णक नावाच्या अत्तरविक्याचा. त्याच्या बायकोला, कुरंगीला, बापाने लग्नात नदीकाठची आंबराई दिली होती. ते तिचे स्त्रीधन. पूर्णकाला ती विकून चंदनाचा व्यापार करायचा होता. कुरंगी नाही म्हणाली.

"मग मी घर सोडून जातो!" पूर्णक गरजला.

"जा. पण दार ओढून घ्या, कुत्रं आत येतं," कुरंगी म्हणाली.

हे आळीतल्या सगळ्यांनी ऐकले. पूर्णक खरेच गेला. तो बहिणीकडे रुसून बसला असेल असे कुरंगीला वाटले. पण पूर्णकाचा धाकटा भाऊ विशाख याने संधी साधली. परसात रक्ताने माखलेले उपरणे सापडल्याचे दाखवून त्याने ऊर बडवत आरोप केला, की वहिनीने दादाला मारून नदीत लोटले. त्या राज्यात विधवेचे स्त्रीधन तिचेच राही. पण नवऱ्याचा घात करणारी सुळावर जाई आणि तिचे स्त्रीधन दिराला मिळे. प्रेत सापडेना, म्हणून विशाखाने दर्भाचा पुतळा करून जाळला. थाप त्याचीच होती, पण रोज रडून रडून दादा मेलाच आहे असे त्यालाही वाटू लागले होते.

खटला अमात्यांपुढे गेला. निकाल देणे अमात्यांच्या अगदी जिवावर येई. ते म्हणाले, "दहाव्याला कावळा शिवू दे. शिवला, की पूर्णक मेला हे पक्कं. मग पुढचं बघू."

म्हणून आज कुरंगी घाटावर दोन शिपायांच्या मध्ये उभी होती, आणि वर पिंपळावर बोधिसत्त्व विचारात पडला होता. पूर्णक कुठे आहे हे त्याला ठाऊक होते. नदीच्या खालच्या अंगाला गोसाव्यांचा मठ होता. तिथे पूर्णक अंगाला राख फासून, बायको विनवणी करायला कधी येते याची वाट पाहत, दोन्ही वेळा पोटभर जेवत होता. कालच त्याच्या पानाबाहेर पडलेला घारगा बोधिसत्त्वाने उचलला होता.

"अहो, बसलात काय नुसते?" त्याची कावळी म्हणाली. "पिंड वाळतोय."

"तो माणूस जिवंत आहे."

"असेना का! भात तर खरा आहे ना? पोरं उपाशी आहेत माझी."

पिल्लांकडे पाहून बोधिसत्त्वाचे मन गलबलले. भूक त्यालाही होतीच. तरी तो म्हणाला, "माणूस जिभेने साक्ष देतो, आपण चोचीने देतो. मी त्या भाताला चोच लावली की त्या बाईचा जीव गेला. कोणी हलायचं नाही."

"कावळ्याच्या जातीत हा नेमधर्म! माझंच नशीब फुटकं," कावळी म्हणाली. पण तीही हलली नाही.

खाली पिंडावर माशा बसल्या, कावळा बसेना. मृताची काही इच्छा राहिली असेल, म्हणून नातेवाईक रीतीप्रमाणे हात जोडून वचने देऊ लागले.

"पूर्णका, तुझ्या म्हशीला मी सांभाळीन रे," आत्या म्हणाली.

विशाख पुढे झाला. "दादा, तुझ्या मारेकरणीला सुळावर चढवतो. निर्धास्त जा." कावळे ढिम्म. "आंबराई पोटच्या पोरासारखी जपीन." तरी ढिम्म. विशाखाला घाम फुटला. "बरं, अर्धी वहिनीच्या माहेराला देतो! आता तर झालं?"

भटजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवला तरी शास्त्राला चालतं."

कावळा शिवतो का ते पाहायला आलेले अमात्य उन्हाने आधीच वैतागले होते. "पुतळा दर्भाचा, कावळाही दर्भाचा. मग सुळावर चढवायला बाईही दर्भाचीच करा की!"

लोक हसले. विशाखाला मात्र हसू येईना. दादाचे भूत आपल्यावरच रागावले आहे आणि आता ते आपल्या मागोमाग घरी येणार, अशी त्याची खात्री पटली. त्याने पिंडापुढे लोटांगण घातले. "दादा, चुकलो! ते रक्त कोंबड्याचं होतं रे! उपरणं मीच परसात टाकलं. वहिनीने काही केलेलं नाही. आता तरी शिव!"



"हे जरा मोठ्याने सांग," अमात्य म्हणाले.

कावळी कुजबुजली, "बाई सुटली. आता तरी उतरा."

"अजून नाही. तो अजूनही जिवंतच आहे."

इतक्यात गोसाव्यांचा जथा येऊन पोचला. भावाच्या दहाव्याचा थाट दाखवायला विशाखानेच साऱ्या मठाला जेवायला बोलावले होते. सर्वांच्या पुढे एक गुबगुबीत गोसावी होता. त्याने गंभीरपणे विचारले, "कोण गेलं म्हणायचं?"

कुरंगीने त्याच्याकडे पाहिले. "तुम्हीच गेलात. या, जेवायला बसा."

एवढे बोलून ती मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडू लागली. इतके दिवस तिने डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते. रडली असती तर लोक म्हणाले असते, सोंग करते आहे.

"माझ्यासाठी एवढी रडतेस?" पूर्णकाने विरघळून विचारले.

"माझा जीव वाचला म्हणून रडतेय. तुमचं नंतर बघू."

अमात्यांनी जन्मात पहिल्यांदा झटपट निकाल दिला. आंबराई कुरंगीची, पूर्णकाला आंबा खायचा असेल तर त्याने तिला विचारून खावा. कुरंगीच्या दोन्ही बाजूंचे शिपाई तिथून निघून विशाखाच्या दोन्ही बाजूंना जाऊन उभे राहिले.

मग कुरंगी डोळे पुसून उठली. तिने पिंड हातात घेऊन मोडला, पिंपळाखाली पसरला आणि वर पाहून म्हणाली, "आता हा पिंड नाही रे बाबांनो, नुसता भात आहे. या."

तेव्हा बोधिसत्त्वाने थव्याला खूण केली. आधी पिल्ले उतरली, मग कावळी, आणि सर्वांत शेवटी तो.

कथा सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोरच्या सभेकडे पाहिले. ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा विशाख म्हणजे वहिनीच्या दागिन्यांचा तंटा घेऊन आज इथे आलेला हा गृहस्थ तिष्य. पूर्णक म्हणजे बायकोवर रुसून भिक्षू झालेला सोणक, जो भोजनाला सर्वांच्या आधी येतो. कुरंगी ही आजची थेरी, आपली ज्येष्ठ भिक्षुणी सुवर्चा, आणि अमात्य म्हणजे तिकडे खांबाला टेकून पेंगणारे आपले भांडारी. घरात मूठभरच तांदूळ असला तरी आधी आपल्या पात्रात घास वाढणारी म्हातारी उपासिका कालिका, ती माझ्या शेजारी उपाशी बसलेली कावळी. तो कावळा मीच होतो. पोट भरलेले असताना खरे कोणीही बोलेल. समोर तुपातला भात असताना, आपली पिल्ले रडत असताना जे टिकते, त्याला सत्य पारमिता म्हणतात."