तासलेल्या फळीच्या ढलप्या

हत्यारंही बोलत असत त्या काळी एका नाटकगृहाच्या लाकडी रंगमंचावर दोन फळ्यांच्या कडा वर आल्या. रंध्याने एकीच्या कडा लगेच तासून सपाट केल्या. दुसरी म्हणाली, "जरा थांब. मी अशी का वाकले, ते आधी कळू दे."

रंध्यालाही नवल वाटलं. त्याने उंदीरमामाला फटीतून खाली धाडलं.

"ओल्या पडद्यांच्या गाठोड्याने झरोका बुजलाय," मामा खालून म्हणाला. "सगळी ओल इथेच कोंडलीय." त्याने गाठोडं ओढून बाजूला केलं, तसा वारा खेळू लागला.

महिन्याभरात न तासलेली फळी सुकून आपोआप सपाट झाली. तासलेलीही सुकली, पण तिच्या कडा खोल गेल्या आणि मधे उंचवटा राहिला.

रंध्याने हळूच विचारलं, "मामा, त्या ढलप्या कुठे आहेत हो?"

"बिळात अंथरल्यात," मामा म्हणाला. "का रे, परत चिकटवणार होतास?"