घोंगडीतली ऊब

एकदा एक धनगरीण चुकलेले कोकरू शोधायला गेली आणि अंधार पडला तरी डोंगरावरून उतरली नाही. तिला सातवा महिना होता. वर थंडी कडक, आणि त्या बाजूला लांडग्यांचा वावर.

डोंगर दोन. मधली घळ इतकी खोल, की एकावर चढून दुसऱ्यावर जायचे तर उजाडते. माणसे मोजकी होती. एकच डोंगर धरता येणार होता.

हरवलेल्यांचा माग काढणारा एक वृद्ध तिथे आला. सोबत त्याचा शिष्य होता. शिष्याजवळ एका डोळ्याला लावायची थर्मल दुर्बीण होती. ती उबेवर चालते. ऊब तिथे पांढरे, गार तिथे काळे. अंधाराची तिला अडचण नाही.

शिष्याने दोन्ही डोंगर पाहिले. म्हणाला, "डावा रिकामा आहे. उजव्यावर एक पांढरा ठिपका हलतोय. उजवा धरा."

माणसे उठली. वृद्ध म्हणाला, "थांबा."

त्याने धनगरिणीच्या नवऱ्याच्या बिऱ्हाडावरची घोंगडी ओढली आणि तो अंधारात चालू लागला. हाकेच्या अंतरावर एका कातळावर जाऊन त्याने घोंगडीची खोळ केली, डोक्यावरून घेतली, पाय पोटाशी ओढले आणि बसला.

धनगराचा धीर सुटला. तो ओरडला, "म्हातारबा, झोपताय व्हय? तिकडं माझी बायकू मराय लागलीया!"

खोळीतून आवाज आला, "तुझ्या बायकोकडे घोंगडी होती?"

"धनगराची हाय ती. घोंगडीबिगर कशी जाईल?"

"मग गप उभा राहा. पोरा, दुर्बीण माझ्याकडे फिरव. मी कुठे आहे?"

शिष्याने दुर्बीण फिरवली. दिवसभर तापलेला कातळ पांढरा दिसत होता. माणूस दिसेना. "बाबा, तुम्ही दिसत नाही."

"नीट बघ. कातळ सगळा सारखा आहे?"

"नाही. मध्ये एक काळे गाठोडे आहे."

"ते गाठोडे तुझ्याशी बोलते आहे."

शिष्याने दुर्बीण डाव्या डोंगराकडे वळवली. माथ्याखाली पांढऱ्या कातळांची रांग होती. त्यात एक काळे गाठोडे. मघाशी नजर त्याच्यावरूनच गेली होती. गार दगड म्हणून त्याने सोडून दिले होते.

"डावा," तो म्हणाला. "डावा धरा."

धनगर कधीच पळत सुटला होता.

ती सापडली. पाय मुरगळून सुजला होता. खोळीत ती होती आणि तिच्या पोटाशी कोकरू. माणसांच्या हाकांना तिने ओ दिली होती, पण वारा उलटा होता. नवऱ्याला पाहून म्हणाली, "कोकराला घ्या आदी. लई जड झालंय." मग रडली.

उजव्या डोंगरावरचा ठिपका कशाचा, हे कोणी पाहायला गेले नाही.

उतरताना शिष्य मागे राहिला. म्हणाला, "बाबा, ही दुर्बीण घळीत टाकून द्यावी असे वाटते."

"का? तिनेच दाखवली."

"पण आधी मी ‘नाही’ म्हणालो."

"तू म्हणालास, तिने नाही. तिने काळे दाखवले, ते खरेच होते. घोंगडी आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, म्हणून माणूस जगतो आणि म्हणूनच लांबून दिसत नाही. जो ऊब जपून बसला आहे, तो दुरून गारच दिसणार. तू ठिपका शोधलास. कोण हरवली आहे, काय पांघरून गेली, हे विचारले नाहीस."

शिष्याने दुर्बीण फडक्यात गुंडाळून झोळीत ठेवली.

पुढे कितीतरी डोंगर त्याने पाहिले. माणसे घाबरून विचारत, "आहे का कोणी?" तेव्हा तो आधी हरवलेल्याच्या अंगावरचे कपडे विचारी, पुन्हा पाही, आणि तरीही इतकेच म्हणे, "मला अजून दिसलेले नाही."

कोणाबद्दलही ‘नाही’ म्हणताना इतका वेळ घ्यावा.