चिरीचा सत्कार

आफ्रिकेतल्या एका रखरखीत माळावर, काटेरी झुडपाच्या पोटात, चिरी नावाची एक करडी पक्षीण राहत होती. ती इतकी लाजाळू होती, की तिचं गाणं साऱ्या माळाने ऐकलं होतं, पण तिला पाहिलेलं फारसं कोणी नव्हतं. गाताना तिचं लक्ष आभाळाकडे असे. ससाणा दिसला की गाणं तोडून ती कर्कश ओरडे आणि सगळे पक्षी झुडपांत शिरत. एरवी मान वर करायची तसदी कोणी घेत नसे.

एके वर्षी पक्ष्यांना कृतज्ञता सुचली. चिरीचा सत्कार करायचं ठरलं. त्या माळाची रीत अशी, की मान घ्यायचा तर उंच वारुळाच्या टोकावर, सगळ्यांच्या देखत. अध्यक्ष धनेश. त्याची चोच सर्वांत मोठी होती. अध्यक्षाला आणखी काय लागतं?

चिरीने निरोप धाडला, की मी झुडपातच बरी, उघड्यावर माझा जीव घाबरतो.

"बाईंना आग्रह हवाय," सुगरण म्हणाली.

शेवटी धनेश स्वतः झुडपापाशी आला. "चिरीताई, आला नाहीत तर आम्ही समजू, की तुम्ही आम्हाला आपलं मानत नाही."

हे मात्र चिरीला लागलं. ससाण्याची भीती तिला जन्मापासून होती. एकटं पडण्याची भीती त्याहून मोठी निघाली. ती गेली.

धनेशाचं भाषण सुरू झालं. ते चिरीविषयी होतं, असं म्हणतात. निम्मे पक्षी ऐकत होते, निम्मे पेंगत होते. आभाळावर नजर ठेवणारी एकटी चिरी, आणि तिला तर वारुळावर सभेकडे तोंड करून बसवलेलं. तरी सवयीने तिने मान वर केली. ससाणा झेपावत होता.

ती आधी ओरडली, मग उडाली. सगळे पक्षी वेळेवर लपले. तिचं झुडूप लांब होतं.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. ती दाट झुडपात भरवली. उघड्यावर बसायला कोणी तयार नव्हतं. धनेश गहिवरून म्हणाला, "गुणी होती बिचारी. पण मिरवायची हौस नडली."

सर्वांनी माना डोलावल्या. आभाळाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

तात्पर्य: आपल्यासाठी झटणाऱ्याला त्याच्या जागी सुखाने राहू द्यावं. आपल्या हौसेखातर केलेला सन्मान त्याच्या जिवावर बेततो, आणि दोषही त्याच्याच माथी मारला जातो.