जुन्याने वाचलेलं नाव

परवापरवाचीच गोष्ट. शाळेच्या कचेरीत नवा संगणक आला, तरी कारकून कालिंदीबाई रोज आधी जुनंच टायपिंग सॉफ्टवेअर उघडायच्या. त्यातल्या नव्या सॉफ्टवेअरचा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी ते ऑपरेटिंग सिस्टीमला म्हणालं, “या म्हाताऱ्याला घरात कशाला घेतलंस? दार लाव.” तिने लावलं.

दुसऱ्या दिवशी एक बाई आपला जुना दाखला मागायला आली. नव्या सॉफ्टवेअरने ऐटीत फाइल उघडली. नावाच्या जागी नुसत्या वेड्यावाकड्या खुणा! सिस्टीमने मुकाट्याने दार उघडलं. जुन्याने घडाघडा वाचलं, “यमुना धोंडू गावडे.”

“तुला बरं वाचता आलं!” नवं फणकारलं.

“मीच लिहिलं होतं, बाळा.”

मग नवं सिस्टीमला हळूच म्हणालं, “उद्या तुझ्या जागी दुसरी आली, तर माझ्यासाठी दार उघडं ठेवायला तिला सांगशील ना गं?”