वानराच्या आवाजातला खोटा इशारा

सह्याद्रीच्या एका दाट जंगलात, ओढ्याकाठच्या जुन्या आंब्यावर, झुबकेदार शेपटीची एक शेकरू राहत असे. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. जंगलातले कोणते झाड कधी पिकणार हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. पूर्वी ती हे सारे डोक्यात ठेवायची. घरट्यात संगणक आल्यापासून मात्र ती त्यात लिहून ठेवू लागली आणि त्या नोंदवहीला मोठ्या कौतुकाने फळपंचांग म्हणू लागली. पूर्वेच्या उतारावरचे उंबर अमुक दिवशी, पाणवठ्याजवळचे जांभूळ त्यानंतर चार दिवसांनी, अशी झाडन्‌झाडाची नोंद त्यात होती. मावशी फांदीवर बसून फळे खायची, त्यातली निम्मी खाली टाकायची, आणि खाली ससे, चितळे, मोर आपली पोटे भरायचे. त्यामुळे "मावशी, उद्या कुठं गं?" असे विचारायला रोज कोणी ना कोणी आंब्याखाली उभे असायचे. ओळखीच्यांना ती सगळे सांगे. तुमची आई जशी अनोळखी माणसाला दार उघडत नाही, तशीच मावशी अनोळखी प्राण्याला एका झाडाचेही नाव सांगत नसे.

या जंगलात एक रीत होती. सर्वांत उंच शेंड्यावर बसलेल्या वानराला बिबट्या दिसला की तो "खक् खक्" असा ओरडे. तो आवाज कानी पडताच आधी पळायचे, आणि कोण ओरडले, कशाला ओरडले, हे जिवंत राहिलो तर नंतर विचारायचे. मावशीची तीन पिल्ले या रीतीमुळेच वाचली होती. म्हणून, मुलांनो, पुढे जे घडले ते वाचून मावशीला हसू नका.

एका दुपारी मावशी फळपंचांग लिहीत बसली असताना संगणकाची स्क्रीन एकदम लालभडक झाली आणि आतून आवाज आला, "खक् खक्, खक् खक्." त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'तुमच्या संगणकात वाळवी शिरली आहे. ताबडतोब पुढील क्रमांकावर फोन करा.' मावशीच्या अंगावरचा केसन्‌केस उभा राहिला. तो आवाज ऐकल्यावर जन्मभर जे केले तेच तिने केले, म्हणजे काहीही न विचारता सांगितले तसे वागली. तिने फोन लावला.

"वन सुरक्षा कक्ष," पलीकडचा आवाज मधासारखा गोड होता. "बोला, मावशी."

आपल्याला मावशी म्हणतोय म्हणजे ओळखीतलाच कोणी असणार, असे वाटून तिला जरा धीर आला. "अहो, माझ्या संगणकाला वाळवी लागली म्हणे."

"लागली कसली, निम्मा संगणक खाऊन झालाय तिचा. पण तुम्ही घाबरू नका, मी आहे ना. एक ॲप पाठवतो, ते घ्या, आणि त्यात जो आकडा दिसेल तो मला वाचून दाखवा. मग मी इथूनच वाळवी काढतो."

"आकडा कशाला हवाय तुम्हाला?"

"मावशी, बिबट्या झाडावर चढत असताना तुम्ही वानराला असले प्रश्न विचारत बसता का?"

मावशी ओशाळली. खरेच, अशा वेळी प्रश्न विचारायचे नसतात. तिने आकडा वाचून दाखवला.

आणि स्क्रीनवरचा बाण आपोआप सरकू लागला. मावशीने कशालाही हात लावला नव्हता, तरी फळपंचांग उघडले. पाने भराभर मागे-पुढे झाली आणि उद्याच्या पानावर येऊन थांबली. तिथे लिहिले होते : पूर्वेच्या उतारावरचे उंबर, सकाळी.

"सापडली," आवाज म्हणाला. "वाळवी याच पानात लपलीय. आता जागेवरून हलू नका. फोन ठेवू नका. आणि कुणाजवळ बोलू नका, नाहीतर ती त्यांच्याकडेही पसरेल."

इथे मावशीच्या मिशा ताठ झाल्या. आयुष्यात तिने शेकडो इशारे ऐकले होते. प्रत्येक इशाऱ्याने तिला पळायला लावले होते. जागेवर बसायला सांगणारा एकही नव्हता. आणि कुणाला सांगू नका? इशारा तर सगळ्यांना कळावा म्हणूनच देतात. तिने घरट्याबाहेर डोके काढले. शेजारच्या झाडावर वानर पाय पसरून शेंगा सोलत होता.

"दादा, तू आत्ता ओरडलास का रे?"

"मी? सकाळपासून तोंड उघडलंय ते फक्त खायला."

मावशी मागे वळली आणि तिने इंटरनेटची तार दातांनी ओढून काढली. बाण जिथल्या तिथे थिजला. फोनवरचा मधाळ आवाज एकदम फाटला आणि त्यातून चिडलेली "हुआऽऽ" अशी लांबलचक कोल्हेकुई बाहेर पडली. झुडपांमागून येणारा तो आवाज मावशी लहानपणापासून ओळखत होती. तिने फोन बंद केला.

संगणकात पाहिले तर फळपंचांगाचे पानन्‌पान शाबूत होते. मावशीने सुटकेचा निःश्वास टाकला. काहीच गेले नाही, मग कशाला चारचौघांत सांगायचे? आंब्याच्या बुंध्याशी साळिंदर राहायचा. त्याच्या कानावर गेले तर वर्षभर विचारत राहील, "काय मावशी, आज कुणाला आकडा वाचून दाखवलास?" ती शेपूट अंगाभोवती गुंडाळून बसली. पण बसवेना. कोल्ह्याला फळे नकोच होती. उद्या कोणत्या झाडाखाली सगळे जमणार, एवढेच त्याला हवे होते आणि ते त्याने पाहिले होते. उद्या सकाळी त्या उंबराखाली सशीण तिची चार पिल्ले घेऊन जाणार होती. आज सकाळीच मावशीने तिला तसे सांगितले होते.

मावशी थेट वानराच्या शेंड्यावर चढली आणि घसा फुटेपर्यंत ओरडली. जो तो पळायच्या तयारीने वर बघू लागला.

"पळू नका, ऐका," ती म्हणाली. "मी फसले. कोल्ह्यानं वानरदादाच्या आवाजात इशारा दिला आणि मी त्याला माझ्या तोंडानं आकडा वाचून दिला. उद्याचं उंबर त्यानं पाहिलंय. सशिणीबाई, पोरांना घेऊन तिकडं फिरकू नकोस."

सशिणीने पिल्ले पोटाशी ओढली. बुंध्याशी साळिंदर मोठमोठ्याने हसू लागला. "एवढं वय झालं मावशी तुझं, आणि कोल्ह्याला स्वतःच आत घेतलंस?"

वानर सरसर खाली उतरून त्याच्यापुढे उभा राहिला. "हसतोस काय? तिनं माझ्या आवाजावर विश्वास ठेवला. तो ठेवला नसता तर तिची पिल्लं केव्हाच बिबट्यानं नेली असती. आवाज चोरला त्या कोल्ह्यानं. त्याच्या तोंडावर जाऊन हस की. तिथं काटे मिटतात तुझे. आणि हिला हसतोस?"

साळिंदराचे हसू विरले. तो पंजाने जमीन उकरू लागला.

"मलाही परवा फोन आला होता," अखेर तो पुटपुटला.

"मग?"

"मग काय. वाळवी म्हणाला. आकडा दिला मी. माझ्या बिळाचा मागचा रस्ता कळलाय त्याला. दोन दिवस झोप नाही."

"परवाच बोलला असतास," सशीण हळूच म्हणाली, "तर मावशी आज फसली नसती."

मावशी खाली आली, साळिंदराच्या काट्यांना सांभाळत शेजारी बसली आणि म्हणाली, "चल ऊठ, वेड्या. आधी तुझी तार काढू, मग ते मेलं ॲप काढून टाकू. पासवर्ड तुझ्या संगणकावरून नको, दुसऱ्याच्या संगणकावरून बदलू. आणि मागचा रस्ता मुजवून नवा खण. मी बसते फांदीवर पहाऱ्याला."

दुसऱ्या दिवशी कोल्हा सकाळपासून पूर्वेच्या उतारावर दबा धरून बसला. टपाटप उंबरे पडत होती, पण सशाचे पिल्लूच काय, एखादा मोरही फिरकला नाही. दुपारी भुकेने कासावीस होऊन त्याने उंबरे खाल्ली, आतल्या किड्यांसकट, आणि तोंड वाकडे करत परत गेला. त्या वेळी मावशी ओढ्यापलीकडच्या आवळ्यावर बसून खाली फळे टाकत होती, आणि पहिला आवळा कोणाचा यावरून सशिणीची पिल्ले साळिंदराशी भांडत होती.

तात्पर्य : खरा इशारा आपल्याला संकटापासून दूर पळायला सांगतो, 'जागेवर बस, आकडा सांग आणि कुणाजवळ बोलू नकोस' असे जो सांगतो तो चोरच. आणि फसलेल्याने लाजून गप्प राहू नये, कारण त्याच्या गप्प राहण्यामुळेच चोर पुढच्या घरात शिरतो.