नांगराची गाठ

एकदा एका पाणबुड्याला आपल्या जोडीदाराचा कंटाळा आला. दिगू त्या पाणबुड्याचं नाव. कोकण किनाऱ्यावरच्या एका गावात बाबल तांडेल नावाचे वृद्ध पाणबुडे राहत. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी कसं जावं, हे दिगू चार वर्षं त्यांच्यापाशी शिकला होता. शिष्य गुणी होता. गुणी शिष्याला एक रोग हमखास जडतो, तसा तो त्यालाही जडला. आपण सोडून बाकी सगळे कच्चे, असं त्याला वाटू लागलं.

त्याला ओढ होती एका नांगराची. सव्वाशे फूट खोल, खडकाच्या कपारीत, कुण्या जुन्या गलबताचा माणसाएवढा नांगर पडलेला होता. त्याच्या कडीला रश्शी बांधून तो वर काढायचा, हे एकच स्वप्न दिगूने वर्षभर उराशी धरलं होतं. पण पाण्यात जायचं ते जोडीने, आणि दोघांपैकी एकाने जरी अंगठा वर केला तरी दोघांनीही वर यायचं, असा बाबलकाकांचा नियम. एकदा जोडीदाराच्या चष्म्यात पाणी शिरलं. एकदा जोडीदाराची हवा लवकर संपत आली. दोन्ही वेळा नांगर अगदी समोर दिसत असताना दिगूला मागे फिरावं लागलं. तो मनातल्या मनात चरफडला. आपण एवढ्या कष्टाने विद्या मिळवावी, आणि गळ्यात हे लोढणं!

शेवटी तो काकांपुढे जाऊन उभा राहिला. टाक्यांच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असे.

"काका, माका नांगराकडे एकट्यानच जावचा आसा. टाकी देवा."

एकटे गेलेले दोघे जण काकांनी पूर्वी स्वतःच्या हातांनी वर आणले होते. त्या दोघांतला एकही पुन्हा बोलला नव्हता. दिगूला हे ठाऊक होतं, म्हणून आता आपली खरडपट्टी निघणार, अशी त्याची खात्री होती. पण काका शांतपणे म्हणाले, "जा की. मी खंय नाय म्हणतंय? पण आधी एकदा माझ्यावांगडा चल. तू तुझी रश्शी बांध, मी माझी बांधतंय. खाली एकमेकाच्या कामात बोट घालूचा नाय, खुणावूचा नाय. तुका एकट्यान जावचा आसा मां? मग शेजारी असान पण एकटेच जाव या."

ही अट दिगूला चमत्कारिक वाटली. पण किल्ली मिळणार होती, म्हणून त्याने ती मान्य केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे उतरले. दोन रश्श्यांची एकेक टोकं होडीवर, उरलेली दोन त्यांच्या हातात. एवढ्या खोलीवर श्वासातली हवाच डोक्यात भिनते. तिला तिथले लोक 'भूल' म्हणतात. ताडी प्यालेल्याला जसं आपण भलतेच शहाणे आहोत असं वाटतं, तसंच हिचंही. दिगूला विलक्षण प्रसन्न वाटत होतं. त्याने कडीला झकास गाठ मारली आणि शेजारी पाहिलं. काकांनी वेढे घेतले, पण रश्शीचं टोक वेढ्यांखाली दडपलंच नाही! दिगूला हसू आलं. म्हातारा थकला, तो मनात म्हणाला. बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. तो काही न खुणावता वर आला.

होडीवर येताच दिगूने मोठ्या ऐटीत आपली रश्शी ओढली. ती अलगद वर आली. टोकाला काही नव्हतं.

काकांनी आपली ओढली. तीही तशीच आली.

दिगूचा चेहरा उतरला. वर्षभराचं स्वप्न हातात ओल्या रश्शीसारखं लोंबत होतं. तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "तुमची सुटतली, ता माका म्हायत होता. टोक दडपूचा ऱ्हवला होता. मी बघलंय."

"तुझो दुसरो वेढो ऱ्हवलो होतो. ता मी बघलंय."

"मगे सांगलात कित्याक नाय?"

"तसाच ठरला होता मां आपला?"

दिगूला शंका आली. "तुमी मुद्दाम सैल बांधलात?"

काका खो खो हसले. "मुद्दाम सैल बांधूक माका येवक व्हया मां! पन्नास वर्सा झाली, हात आपसूकच घट्ट बांधतत. भूल माकाय होती, झिला." मग ते गंभीर झाले. "दुसऱ्याच्या डोळ्यातला कुसळ दिसता, आपल्या डोळ्यातला मुसळ दिसणा नाय, म्हणान माणसाक नावा ठेवतत. गावात तो दोष खरोच. पण सव्वाशे फूट खाली देवान तेवढीच एक शुद्ध शिल्लक ठेवल्यान हा. तुका तुझी चूक दिसाची नाय, माका माझी दिसाची नाय. तुझी माका दिसतली, माझी तुका. म्हणान दोघा जातत. मी तुका सांभाळूक येणंय नाय, दिगू. माका सांभाळूक तुका नेतंय."

दिगूला फार लाज वाटली, आणि का कोण जाणे, फार हलकंही वाटलं. आज खाली आपण या माणसाला हसलो, आणि हा माणूस आपल्या भरवशावर पाण्यात उतरतो!

पुढच्या दिवशी दोघे पुन्हा नांगरापाशी गेले. दिगूने गाठ मारली. काकांनी ती हाताने ओढून पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. दिगूला गाठ अगदी बिनचूक दिसत होती. तरी त्याने ती सोडली आणि नव्याने बांधली. मग त्याने काकांची गाठ ओढून पाहिली. ती पक्की होती. तरीही त्याने दोनदा ओढली, आणि चष्म्याआडून म्हाताऱ्याचे डोळे हसले.

वर येऊन दोघांनी रश्श्यांना हात घातला. या वेळी रश्शी वर आली नाही. होडीच नांगराच्या दिशेने कलली.

काकांनी कमरेची किल्ली काढून पुढे धरली. "घे. एकट्यान जातलंस मां?"

दिगूने किल्ली घेतली नाही. तो नुसता पाठमोरा झाला आणि म्हणाला, "काका, माझ्या टाकीचो नळ बघा. पाठीमागचा माका दिसणा नाय."

आपली गाठ ओढून पाहणारं माणूस ज्याला लाभलं आहे, त्याने त्याला लोढणं म्हणू नये.